सालीवरून सरपण

बॉल्सब्रिजमध्ये थंडीच्या तोंडावर पेट्रोल पंपाबाहेर, हार्डवेअरच्या दुकानात आणि सुपरमार्केटच्या दाराशी सरपणाच्या जाळीदार पिशव्यांची थप्पी लागते. डब्लिनचा हा जुना आणि महागडा भाग. लाल विटांची व्हिक्टोरियन घरं, घराघरावर धुराडी. घरात गॅसचं हीटिंग असलं तरी बैठकीच्या खोलीतला लोखंडी स्टोव्ह पेटवायची हौस इथे अजून गेलेली नाही. पिशवीवर ओलाव्याची टक्केवारी छापलेली असते, लाकूड भट्टीत वाळवलं आहे का तेही असतं. झाडाचं नाव मात्र क्वचितच. ‘हार्डवुड’ एवढंच लिहिलेलं. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात रुंद पानांची सगळी झाडं हार्डवुडच, त्यामुळे या एका शब्दाखाली ओक, बीच, ॲश, बर्च, आल्डर आणि पिसासारखा हलका पॉप्लरही खपून जातो. पानं गेलेली, फुलं-फळं गेलेली. ओळख पटवायला उरते ती ढलपीच्या एका अंगाला चिकटलेली साल.

ही साल वाचता येते. मात्र फोटो पाहून पाठ करायला गेलं तर हमखास फसगत होते, कारण एकाच झाडाची साल बुंध्याशी एक, फांदीवर दुसरी आणि कोवळेपणी तिसरीच असते. त्याऐवजी एक प्रश्न विचारावा: हे झाड जाड होत गेलं तेव्हा जुनी साल पुरेनाशी झाल्यावर तिचं काय झालं? ती ताणली गेली, पापुद्रे सुटले, खपल्या पडल्या, की उभ्या भेगा गेल्या? ही रीत बहुतांशी जातीनुसार ठरलेली असते. ती एकदा कळली की बॉल्सब्रिजमधला ओंडका असो की सह्याद्रीतला, पाहण्याची पद्धत एकच राहते.

नाव कळून फायदा काय?

पूर्ण सुकवलेलं लाकूड किलोवर मोजलं तर ओक काय, पॉप्लर काय, उष्णता साधारण सारखीच. ओलावा २० टक्क्यांवर आलेल्या एक किलो लाकडातून सुमारे ४ युनिट, म्हणजे ४ किलोवॅट-तास उष्णता मिळते. फरक पडतो तो घनतेमुळे. सुकलेल्या ओक, बीच किंवा ॲशचं वजन घनमीटरला ७०० किलोच्या आसपास भरतं. आल्डरचं साधारण ५३०, पॉप्लर आणि स्प्रूसचं ४५० किंवा त्याहून कमी. आयर्लंडमध्ये पिशवी घ्या की ट्रेलर भरून घ्या, सरपण बहुधा आकारमानावर विकलं जातं. त्यामुळे पॉप्लरची पिशवी घेणाऱ्याच्या पदरात ओकवाल्याच्या मानाने दोन-तृतीयांशच ऊब पडते.

दुसरी गोष्ट पाण्याची. नुकत्या तोडलेल्या ॲशमध्ये वजनाच्या साधारण एक-तृतीयांश पाणी असतं. विलो आणि पॉप्लरमध्ये ते निम्म्यावर जातं. एक लिटर थंड पाणी तापवून त्याची पूर्ण वाफ करायला जवळपास पाऊण युनिट लागतं. हा खर्च दिसायला मोठा नाही. खरं नुकसान निराळंच. वाफ होईपर्यंत लाकडाचं तापमान चढत नाही, लाकडातून सुटणारे वायू पेट घेत नाहीत, ते धूर होऊन वर जातात आणि धुराड्याच्या आत डांबरट थर धरतात. हाच थर पुढे कधीतरी पेटतो आणि धुराड्याला आग लागते.

या धुराशी डब्लिनचं जुनं भांडण आहे. १ सप्टेंबर १९९० पासून शहरात धुरकट दगडी कोळशाच्या विक्रीवर बंदी आली. ३१ ऑक्टोबर २०२२ पासून देशभर लागू झालेल्या घन इंधनाच्या नियमांनी लाकडालाही हात घातला: दोन घनमीटरपेक्षा कमी मापात विकायच्या लाकडात २५ टक्क्यांहून जास्त ओलावा चालणार नाही, आणि ही मर्यादा पुढे २० टक्क्यांवर आणायची असं त्यात ठरलं. त्याहून मोठ्या मापात ओलं लाकूड विकता येतं, पण ते कसं वाळवायचं याच्या सूचना ग्राहकाला द्याव्या लागतात. म्हणजे ट्रेलरभर ओंडके उतरवून घेणाऱ्यावर वाळवण्याची जबाबदारी आली. कोणतं झाड किती दिवसांत वाळतं हे ठाऊक नसेल तर ती निभावणं कठीण.

साल म्हणजे नेमकं काय

खोडात दोन ठिकाणी नव्या पेशी तयार होत असतात. पहिली जागा लाकूड आणि साल यांच्या सीमेवर. इथला पातळ जिवंत थर आतल्या बाजूला लाकूड घालतो आणि बाहेरच्या बाजूला पानातलं अन्न खाली नेणाऱ्या नळ्यांचं जाळं. दुसरी जागा त्याच्याही बाहेर. तिथे बूच तयार होतं, म्हणजे मेणचट भिंतींच्या, मेलेल्या, पाणी आणि हवा सहज आत न सोडणाऱ्या पेशी. रॉबर्ट हुकने १६६५ साली सूक्ष्मदर्शकाखाली बुचाचाच काप धरला होता आणि त्यातले रिकामे कप्पे पाहून ‘सेल’ हा शब्द वापरला होता. त्याने पाहिल्या त्या पेशी सालीच्या होत्या.

बूच हवाबंद, पण आतल्या जिवंत पेशींना श्वास तर घ्यायचा असतो. त्यासाठी सालीत बारीक छिद्रं असतात. वनस्पतिशास्त्रात त्यांना वल्करंध्रं म्हणतात. बर्चवरच्या आडव्या काळ्या रेघा आणि चेरीवरचे आडवे खरखरीत पट्टे ही वल्करंध्रंच. खोडाचा घेर वाढला की ती आडवी ताणली जातात, म्हणून जुन्या खोडावर जास्त लांब दिसतात. पॉप्लरच्या कोवळ्या खोडावर ती लहान लहान शंकरपाळ्यांच्या आकाराची असतात.

आता खरी अडचण. लाकूड दरवर्षी आतून वाढतं, पण बाहेरचं बूच मेलेलं. ते वाढू शकत नाही. मग झाडाला चारपैकी एखादी वाट धरावी लागते.

पहिली वाट: ताणून घेणं

बीचच्या बुचाचा जिवंत थर झाडाच्या घेराबरोबर स्वतःही पसरत जातो, बूच अगदी पातळ बनवतो आणि बाहेरचं जुनं धूळ होऊन झडत राहतं. त्यामुळे दीडशे वर्षांच्या बीचचं खोडसुद्धा राखी आणि गुळगुळीत राहतं. प्रेमिकांनी कोरलेली नावं याच झाडावर वर्षानुवर्षं टिकतात, ती या कारणाने. हॉलीचीही साल राखी आणि नितळ. फक्त तिच्यावर चामखिळीसारखे बारीक उंचवटे असतात आणि कोवळेपणी हिरवी झाक असते. आपल्याकडे वडाच्या कुळातली नांद्रुक याच वाटेने जाते.

गुळगुळीत, राखी, पातळ साल आणि आत जड, फिकट लाकूड दिसलं तर बीच समजायला हरकत नाही. बीचचा निखारा उत्तम पडतो. मात्र लाकूड फोडून झाकून ठेवलं पाहिजे. जमिनीवर तसंच पडलं तर बुरशी चटकन धरते.

पातळ सालीची चैन ज्या जंगलात वणवे नाहीत तिथेच परवडते. आयर्लंडच्या दमट रानात बीचला आगीची भीती नसते. महाराष्ट्राच्या पानगळीच्या जंगलात एवढ्या पातळ सालीचं झाड उन्हाळ्यातल्या जमिनीलगतच्या आगीत होरपळून निघेल.

दुसरी वाट: पापुद्रे सोडणं

बर्चची साल थरावर थर रचून बनते. थरांमधला जोड कमकुवत असल्याने ते आडवे, कागदाच्या जाडीचे सुटून येतात. पांढरा रंग येतो तो बेट्युलिन या पदार्थामुळे. जुन्या सिल्व्हर बर्चच्या बुंध्याशी मात्र काळ्या, खडबडीत भेगा पडतात. त्यामुळे एकाच झाडाच्या खालच्या आणि वरच्या ओंडक्यांना लोक दोन वेगळी झाडं समजून बसतात. ढिगात काळा खडबडीत तुकडा दिसला तर त्याच्या फटींत कुठे पांढरट पापुद्रा शिल्लक आहे का ते पाहावं.

हा पापुद्रा हातात घेऊन पाहण्याजोगा आहे. नखाने कड उचलली की बोटभर रुंद पट्टी सरळ सुटून येते. बाहेरून पांढरी, आतून बदामी. दोन बोटांत चोळली तर किंचित पिठूळ लागते. भिजलेली असली तरी आगकाडी लावताच काळा धूर सोडत ती पेटते, कारण तिच्यात पाण्याला दाद न देणारे मेणचट पदार्थ ठासून भरलेले असतात. जाळ धरायला याहून चांगलं काही नाही. पण हाच गुण वाळवताना आड येतो. न फोडलेल्या बर्चच्या ओंडक्यातलं पाणी सालीतून बाहेर पडत नाही. बाहेरून ओंडका धडधाकट दिसतो आणि आत लाकूड कुजून भुसभुशीत झालेलं असतं. म्हणून बर्च ओळखला की तो आधी फोडायचा.

मराठी वाचकाला हे झाड अगदीच परकं नाही. जुन्या पोथ्या ज्या भूर्जपत्रांवर लिहिल्या गेल्या ती हिमालयातल्या भूर्जाची, म्हणजे बर्चच्याच एका जातीची साल. या हिमालयी भूर्जाचा अतिशुभ्र सालीचा प्रकार आयर्लंड-ब्रिटनच्या बागांमध्ये शोभेसाठी सर्रास लावतात. त्याला नाव दिलं आहे ते व्हिक्टर जाकमाँ या फ्रेंच निसर्गअभ्यासकाचं. हिमालय, पंजाब, काश्मीर पालथा घालून तो दख्खनमध्ये उतरला आणि डिसेंबर १८३२ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, मुंबईत वारला.

चेरीही पापुद्र्यांचीच, पण तिची साल तांबूस तपकिरी, चकचकीत असते आणि आडव्या पट्ट्यांनी सुटते. जखम झालेल्या जागी डिंक साचलेला दिसतो. जळताना चेरीला गोडसर वास येतो. आपल्याकडे या वाटेची दोन झाडं प्रसिद्ध आहेत. कांडोळ हे पांढऱ्याफटक खोडाचं, चांदण्यात लांबून उठून दिसणारं. दुसरी साळई, तिची हिरवट राखी साल पातळ पापुद्र्यांनी सुटते आणि खाच मारली की सुगंधी राळ येते. साळई लवकर पेट घेते आणि लवकर संपते.

तिसरी वाट: खपल्या टाकणं

काही झाडांत बुचाचा एक थर निकामी झाला की त्याच्या आत, सालीच्याच पोटात, दुसरा थर तुकड्यातुकड्यांनी तयार होतो. प्रत्येक तुकडा बाहेरच्या सालीचा अन्नपाण्याचा पुरवठा तोडतो. तेवढी खपली मरते आणि गळून पडते. शहरातल्या रस्त्यांकडेचा लंडन प्लेन याचं ठळक उदाहरण: हिरवे, पिवळट, तपकिरी ठिगळ, कारण प्रत्येक खपली वेगळ्या वेळी पडलेली. सिकॅमोर तरुणपणी नितळ राखी असतो आणि त्याला बीच समजण्याची चूक खूप जण करतात. वय वाढलं की त्याच्या राखी खपल्या कडेने उचलल्या जातात आणि खाली गुलाबीसर रंग दिसतो. हॉर्स चेस्टनटच्याही अशाच खपल्या पडतात, पण लाकूड हलकं आणि चुलीत तडतडणारं. उघड्या शेकोटीत ठिणग्या गालिच्यावर येतात.

सूचिपर्णी झाडं बहुतेक याच गटातली. स्कॉट्स पाइन तर एका नजरेत ओळखू येतो: खाली जाड, भेगाळलेल्या खपल्या आणि वर शेंड्याकडे नारिंगी, पातळ पापुद्रा. सिटका स्प्रूसची साल पातळ, राखी-तपकिरी, बारीक गोल खपल्यांची आणि मध्येमध्ये चिकाचे थेंब. आयर्लंडच्या लागवडीच्या वनांमध्ये हेच झाड सर्वांत जास्त आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या देशात जंगल जेमतेम दीड टक्का उरलं होतं; आता ते ११ टक्क्यांवर गेलं आहे, ते मुख्यतः स्प्रूसच्या लागवडीमुळे. २४ जानेवारी २०२५ च्या एओविन वादळात वाऱ्याचा झोत ताशी १८० किलोमीटरच्या पुढे गेला आणि त्यात सर्वांत जास्त आडवं झालं ते हेच. चिकाच्या लाकडाने धुराडं भरतं हा समज मात्र चुकीचा आहे. धुराडं ओल्या लाकडाने भरतं. स्प्रूस नीट वाळलेला असेल तर तो झटपट पेटून लख्ख जळतो. फक्त रात्रभर टिकत नाही.

खपल्यांची भाषा आपल्याला पेरूने शिकवलेलीच आहे. जंगलातला धावडा फिकट राखी, उथळ गोलसर खपल्यांचा. त्याचं लाकूड चिवट आणि धग मोठी. नाणा त्याहून गुळगुळीत, लांब पातळ सालपटं टाकणारा. ओढ्याकाठचा अर्जुन पांढरट-गुलाबीसर, मोठ्या सपाट खपल्यांचा. परदेशातून येऊन इथेही बागांत आणि आपल्याकडेही बांधाबांधावर बसलेली निलगिरी, तिची साल लांब पट्ट्यांनी लोंबत राहते. डब्लिनच्या बागेत ती दिसली की मराठी माणूस तिला लगेच ओळखतो.

चौथी वाट: उभं फाटणं

ज्या झाडांच्या सालीत चिवट धागे जास्त असतात तिथे खपली सहजी सुटून पडत नाही. मेलेले थर एकमेकांना धरून साचत जातात आणि आतून जोर आला की उभे फाटतात. दोन भेगांमध्ये उंच वरंबे तयार होतात. या वरंब्यांची नक्षी पाहायची.

ॲशचे वरंबे एकमेकांना तिरपे येऊन मिळतात आणि मध्ये शंकरपाळ्यांच्या आकाराच्या खाचा सोडतात. रंग फिकट राखी. कोवळी ॲश मात्र गुळगुळीत आणि हिरवट. ओकच्या भेगा खोल, वरंबे तुटक आणि कठीण, रंग गडद. विलोची साल जाळीदार, भेगा रुंद आणि ओंडका उचलल्यावर सुकलेला असूनही हलका लागतो. स्वीट चेस्टनटच्या भेगा जुन्या खोडाला पीळ घालत वर चढतात. आल्डरची साल गडद राखी-तपकिरी, आडव्या-उभ्या भेगांनी लहान चौकोनांत तुटलेली. डॉडर नदी विकलो डोंगरांतून निघून बॉल्सब्रिजच्या पुलाखालून समुद्राकडे जाते. तिच्या काठासारख्या ओलसर जागा ही आल्डर आणि विलोची घरं.

आपल्याकडे चौथ्या वाटेवर मोठी गर्दी आहे. बाभूळ काळपट, खोल उभ्या भेगांची. कडुनिंब, आंबा, चिंच त्याच वाटेने. सगळ्यांत नमुनेदार ऐन. त्याची काळसर, जाड साल उभ्या-आडव्या खोल भेगांनी चौकोनी तुकड्यांत विभागलेली असते, आणि ती वणव्यात चिलखताचं काम करते. वर सांगितलेला गुळगुळीत अर्जुन आणि हा खडबडीत ऐन एकाच प्रजातीतले सख्खे भाऊ. एक ओढ्याच्या ओलाव्यात राहिला, दुसऱ्याने आगीच्या वाटेवरचं रान धरलं. कुळ एक असलं म्हणजे साल एक असेल, असं धरून चालू नये.

जाड सालीचा आणखी एक हिशेब असतो. साल जळल्यावर लाकडाच्या मानाने खूप जास्त राख उरते, कारण तिच्यात खनिजं जास्त. जाड सालीचे ओंडके जाळले की स्टोव्हची राख वरचेवर काढावी लागते.

साल संशयित दाखवते, पुरावा कापात असतो

सालीवरून दोन-तीन नावं समोर आली की ओंडका फिरवून त्याचं कापलेलं तोंड पाहावं. ॲश आणि ओक दोघांच्याही वार्षिक वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची ओळ नुसत्या डोळ्यांनी दिसते. सागाच्या कापात अशीच ओळ असते, त्यामुळे सागवान हाताळलेल्याला ती नवी नाही. ओकमध्ये याशिवाय केंद्राकडून सालीकडे जाणाऱ्या फिकट किरणरेषा स्पष्ट दिसतात. ॲशमध्ये त्या डोळ्यांना जाणवत नाहीत. सिकॅमोरचा काप पांढरट, एकसारखा, छिद्रं न दिसणारा. बीचच्या फोडलेल्या बाजूवर बारीक तपकिरी ठिपके-रेघा असतात, सिकॅमोरशी गोंधळ झाला तर त्या निकाल लावतात. ताज्या कापलेल्या आल्डरचं पांढरं तोंड थोड्याच वेळात नारिंगी-लाल होतं. इतकं ठळक लक्षण क्वचितच मिळतं.

ओकची आणखी एक परीक्षा सोपी आहे. ओल्या कापावर गंजका खिळा काही तास ठेवला की निळा-काळा डाग पडतो. लाकडातल्या टॅनिनची लोखंडाशी क्रिया होते. हिरड्याच्या काढ्यात लोखंड घालून काळी शाई करत ती याच गुणावर. आयर्लंडमध्ये चामडं कमवायला ओकची साल वापरायचे आणि कोल्हापुरी चपलेच्या चामड्याला बाभळीची साल आणि हिरडा लागतो, तेही टॅनिनसाठीच.

फांद्यांच्या गाठीही बोलतात. ॲश, सिकॅमोर आणि हॉर्स चेस्टनट यांच्या फांद्या समोरासमोर जोडीने फुटतात, ओक, बीच आणि बर्चच्या एकाआड एक. ओंडक्यावर एकाच उंचीला समोरासमोर दोन गाठी दिसल्या तर निम्मी नावं तिथेच गळून पडतात. पान नसताना झाड ओळखायची ही शिस्त लावण्यात डब्लिनच्या एका माणसाचा मोठा वाटा आहे. ऑगस्टीन हेन्री चीनच्या जकात खात्यात नोकरीला होता आणि तिथून त्याने हजारो वनस्पतींचे नमुने लंडनच्या क्यू उद्यानाला पाठवले. पुढे हेन्री एल्विसबरोबर त्याने ब्रिटन-आयर्लंडच्या वृक्षांवर सात खंडांचा ग्रंथ लिहिला. १९०६ ते १९१३ या काळात तो प्रसिद्ध झाला. फुला-फळांची वाट न पाहता पानं, काटक्या आणि कळ्यांची जागा यांवरून जात ठरवण्याची पद्धत त्याने त्यात आणली. १९१३ पासून तो डब्लिनमध्ये वनशास्त्राचा प्राध्यापक होता आणि बॉल्सब्रिजच्या शेजारच्या रॅनेलामध्ये राहायचा.

आपल्याकडे हेच काम वन खात्यातल्या लोकांनी केलं. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचे टॅलबट यांचे दोन खंड १९०९ आणि १९११ मध्ये निघाले. हर्बर्ट पार्क, म्हणजे १९०७ च्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाच्या जागेवर केलेली बॉल्सब्रिजची बाग, लोकांसाठी खुली झाली तीही १९११ मध्येच. ज्याला साली शिकायच्या असतील त्याने अशा बागेत डिसेंबर-जानेवारीत जावं. पानांची लुडबुड नसते आणि बुंध्यापासून फांदीपर्यंत साल कशी बदलत जाते ते एकाच झाडावर पाहायला मिळतं. मात्र पडलेली फांदीसुद्धा तिथून परवानगीशिवाय उचलायची नसते.

सालीवरचा रोग

सध्या आयर्लंडच्या सरपणात ॲश खूप येते, त्यामागे एक दुःखद कारण आहे. युरोपातून आणलेल्या रोपांबरोबर एक बुरशी इथे पोचली. ऑक्टोबर २०१२ मध्ये लिट्रिम परगण्यात ती पहिल्यांदा सापडली आणि नंतर देशभर पसरली. रोगट ॲशच्या सालीवर, मेलेल्या बारीक फांदीच्या तळाशी, शंकरपाळ्याच्या आकाराचा तपकिरी, खोलगट डाग दिसतो. शेंडा वाळत जातो. अशी झाडं रस्त्याकडेला धोक्याची ठरतात म्हणून पाडली जातात. हर्लिंग या आयरिश खेळाच्या काठ्या ॲशच्याच बनत असल्यामुळे इथल्या माणसाला या झाडाचं जाणं मनाला लागतं. मेलेल्या ॲशच्या सालीवर आणखी एक खूण सापडते: काळ्या, कडक, अर्धगोल गाठींची एक बुरशी. ती आडवी चिरली की आत एकाभोवती एक राखी वलयं दिसतात, आणि सुकलेली असेल तर ठिणगी धरून ती बराच वेळ धुमसते. ही बुरशी दिसली तर ओंडका ॲशचा असण्याचीच शक्यता जास्त.

सालीच्या आड भुंगेही प्रवास करतात. एल्म या झाडाची युरोपभर धूळधाण झाली ती साल पोखरणाऱ्या भुंग्यांनी पसरवलेल्या बुरशीमुळे. स्प्रूसची वनं मारणारा मोठा भुंगाही सालीखालीच वाढतो. म्हणून बाहेरच्या देशांतून सालीसकट लाकूड आणण्यावर आयर्लंडचे कडक निर्बंध आहेत, आणि देशातल्या देशातही सरपण फार लांबून आणू नये हे शहाणपणाचं.

कायद्याच्या नजरेतली साल

झाडांमध्ये दर्जा लावणं या बेटावर जुनंच. आठव्या शतकातल्या आयरिश कायद्यात अठ्ठावीस झाडं-झुडपं सात-सातच्या चार वर्गांत विभागली होती. पहिल्या, सरदारांच्या वर्गात ओक, हेझल, हॉली, यू, ॲश, पाइन आणि रानसफरचंद. बर्च आणि आल्डर दुसऱ्या वर्गात. बेकायदा तोडीचा दंड झाडाच्या वर्गाप्रमाणे कमी-जास्त.

महाराष्ट्रात आज याच धर्तीचं काम १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा करतो. त्याच्या अनुसूचीत साग, खैर, चंदन, हिरडा, मोह, चिंच, आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ, तिवस, बिवळा, हळदू, अंजन यांची नावं आहेत. स्वतःच्या मालकीच्या जमिनीतही ही झाडं तोडायला परवानगी लागते. सुबाभूळ आणि निलगिरी त्या यादीत नाहीत. ट्रकमध्ये भरलेल्या सरपणाला पानं नसतात, त्यामुळे नाक्यावर ऐन आणि निलगिरी वेगळं काढणाऱ्याला सालीचाच आधार. बिवळ्याला खाच मारली की लाल चीक येतो, खैराच्या काळपट सालपटांखाली लालसर गाभा दिसतो आणि ओंडका जवळपास पाण्याइतका जड लागतो. वखारीतला जुना माणूस हे न बोलता करतो: साल पाहतो, ओंडका हातात तोलतो, कापाला नाक लावतो.

काही ओळखी तर आरोग्यासाठीच लागतात. आपल्याकडे बिब्याचा चीक अंगावर फोड आणतो, आणि त्याच्या धुराचाही त्रास होतो. तो सरपणात घेत नाहीत. आयर्लंडमध्ये जुन्या चर्चच्या आवारांत उभा असणारा यू, तांबूस सालपटांचा आणि खोबणी पडलेल्या खोडाचा, जवळजवळ सर्वांगी विषारी. तोही घरातल्या स्टोव्हला नको.

मग ढिगाचं करायचं काय?

ट्रेलर रिकामा झाला की पहिल्यांदा सालीप्रमाणे ढीग वेगळे करावेत. ॲश आणि बर्च फोडून वाऱ्याला रचले तर साधारण वर्षभरात जळण्याजोगे होतात. बीचलाही एवढाच वेळ, पण पावसापासून आडोसा पक्का हवा. ओकला दोन वर्षं द्यावी लागतात. घाईने जाळला तर तो नुसता धुमसतो. आल्डर, विलो, पॉप्लर आणि स्प्रूस ही जाळ धरायची, हवा सौम्य असतानाच्या संध्याकाळी वापरायची लाकडं. त्यांच्यावर कडाक्याच्या थंडीचा भरवसा ठेवू नये. उघड्यावर रचायचं तर सर्वांत वरच्या थराची साल आभाळाकडे करावी, म्हणजे पाऊस तिच्यावरून ओघळून जातो. ओलावा मोजताना मीटरच्या सुया सालीत किंवा जुन्या तोंडावर खुपसू नयेत. ओंडका ताजा फोडून आतल्या अंगावर मोजावं. बाहेरचा आकडा नेहमी खरं सांगतोच असं नाही.

झाडाचं नाव तोंडपाठ असण्यापेक्षा या हिवाळ्याला काय जाळायचं, पुढच्या हिवाळ्यासाठी काय राखून ठेवायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे ठरवता येणं महत्त्वाचं. एवढं ठरवायला पिशवीवरच्या शब्दापेक्षा ओंडक्याची साल जास्त उपयोगी पडते, मग ती बॉल्सब्रिजमध्ये पाहिलेली असो की कोकणातल्या वखारीत.